वरची क्रुश्का

आमच्या स्लिवेन गावात शरदाच्या दिवसांत कुणी "एक क्रुश्का दे गं" म्हणालं, तर आधी विचारावं लागतं, खायची की लावायची? छोट्या नासपतीलाही आम्ही क्रुश्का म्हणतो आणि विजेच्या बल्बलाही. आकार एक म्हणून नाव एक. ज्या शहाण्याने हे बारसं केलं, त्याच्या डोक्यात स्लिवेन नसणार. इथे डोंगराच्या पायथ्याशी नासपतीच्या आणि पीचच्या बागा, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला बल्बचा कारखाना. घोळ व्हायचाच होता.

त्यातला सगळ्यात मोठा घोळ दोब्रिंकाच्या वाट्याला आला, आणि तिने तो जन्मभर सांभाळला.

ती डोंगरातल्या खेड्यातली. शाळा संपल्यावर कारखान्यात लागली आणि तपासणीच्या टेबलावर बसली. काम ऐकायला सोपं. समोर एक मोठं चाक हळूहळू फिरायचं, त्यावर बल्ब ओळीने उभे. एकेक बल्ब तिच्यासमोर आला की पेटायचा आणि तेवढ्यात तिने त्याचं नशीब ठरवायचं. तार वाकडी असेल तर बाजूला. काचेत खडा असेल तर बाजूला. आत हवा शिरली असेल तर तार पेटताक्षणी पांढरा धूर व्हायचा आणि बल्बचा कारभार तिथेच आटपायचा. संध्याकाळी डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत लाल तारा वळवळत राहायच्या. तिच्या आईला हे काम कधी पटलंच नाही. "दिव्याकडे बघत बसायचा पगार देतात?" ती म्हणायची. "मग आम्ही जन्मभर चंद्राकडे बघितलं, आम्हाला का नाही कुणी काही दिलं?"

पण दोब्रिंकाला ते काम आवडायचं. थंड, मेलेली काच समोर यायची आणि एका क्षणात तिच्यात जीव यायचा, हे तिला शेवटच्या दिवसापर्यंत नवं वाटत राहिलं. शेजारच्या टेबलावरची तिची मैत्रीण झिव्का जिभेने तिखट होती. ती म्हणायची, "अगं ए दोब्रे, तू तर एकेक बल्ब असा बघतेस जसा काही तो तुला मागणी घालायला आलाय."

त्या काळी उन्हाळ्यात कारखान्यातल्या पोरींना फळं तोडायला बागांमध्ये पाठवत. सरकारी बाग, सरकारी ट्रक, आणि वर गाणी म्हणायची सक्ती. तिथे स्तोइल पेट्या उचलायचा. अंगाने थोराड, मिशी नुकती जाड होऊ लागलेली, आणि बोलणं इतकं कमी की मुकादम त्याला विसरून हजेरीत गैरहजर मांडायचा. आठवडाभर तो दोब्रिंकाच्याच पेट्या उचलत राहिला. शेवटच्या दिवशी ट्रक सुटायच्या बेताला आला, तेव्हा धीर करून जवळ आला.

"फाटकावर भेटायला येईन म्हणतो," तो म्हणाला. "येताना काय आणू?"

डोक्यावर नासपतीचं झाड होतं, फळं अजून कच्ची. दोब्रिंकाने हसून वर पाहिलं आणि म्हणाली, "एक क्रुश्का आण."

आता कुणीही सरळ डोक्याचा माणूस काय करील? महिनाभर थांबेल आणि पिकलेली नासपती घेऊन जाईल. पण स्तोइलचं डोकं सरळ असलं तरी प्रेमात पडलेलं होतं. त्याने विचार केला: झाडाखाली उभं राहून कुणी नासपती मागतं का? हात वर केला की मिळते! शिवाय मुलगी बल्बच्या कारखान्यातली. म्हणजे तिला बल्बच हवाय. आणि साधा नव्हे, साधे ती रोज ढिगाने बघते. तिने कधी पाहिला नसेल असा.

मग तो असल्या बल्बच्या मागे लागला. पीच घेऊन बुडापेस्टला जाणाऱ्या एका ट्रकवाल्याला त्याने इतकं पिडलं, की त्या बिचाऱ्याने तिकडच्या, पाडायला काढलेल्या एका जुन्या हॉटेलातून त्याला एक बल्ब आणून दिला. तो बल्ब आजही आहे. मुठीएवढा मोठा, काच स्वच्छ, टोकाला मेणबत्तीच्या थेंबासारखी एक छोटीशी चोच, आणि आत तार अशी वरखाली गेलेली की जणू कुणी सावकाश विणकाम केलंय. महायुद्धांच्याही आधीचा असावा. असले बल्ब करायचं जगाने कधीच सोडून दिलं होतं.

शरदाच्या एका दुपारी पाळी सुटली आणि पोरींचा लोंढा फाटकाशी आला, तर समोर स्तोइल. अंगावर लग्नकार्याचा कोट, हातात रुमालात गुंडाळलेला बल्ब. फाटकावरच्या मिन्चोकाकांचं काम एकच, आतून बाहेर कुणी बल्ब नेत नाही ना ते बघायचं. त्यांनी स्तोइलला पकडलं.

"कुठून उचललास?"

"उचलला नाही. द्यायला आणलाय. हिला."

"बल्ब? आत?" मिन्चोकाकांनी टोपी मागे सारली. बाहेर जाणाऱ्या बल्बचे सगळे नियम त्यांना पाठ होते, पण आत येणाऱ्या बल्बसाठी कुणी नियमच केला नव्हता.

"तिने क्रुश्का मागितली होती," स्तोइल म्हणाला.

मग झिव्का पहिली फुटली. "अरे देवा! अरे माठा, नासपती मागितली रे तिने, नासपती! बागेतला माणूस आणि बल्बच्या कारखान्यात बल्ब घेऊन आलाय!" पोरींची हसून हसून मुरकुंडी वळली. कुणी मिन्चोकाकांच्या खुर्चीत कोसळली, कुणी डोळे पुसू लागली. स्तोइलचे कान लालभडक झाले. तो रुमाल पुन्हा गुंडाळायला लागला, पण बोटं ऐकेनात.

दोब्रिंकाने ती बोटं पाहिली. पेट्या उचलून रापलेली, आणि त्या काचेला मात्र इतकी जपून धरत होती. तिला नासपतीच हवी होती. सगळ्या उन्हाळ्यात तिने त्याच नासपतीची वाट पाहिली होती. पण ती पुढे झाली, त्याच्या हातातून बल्ब घेतला, उजेडाकडे धरून कसबी नजरेने तार तपासली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला हीच हवी होती."

हसणं थांबलं. फक्त झिव्का पुटपुटली, "सगळ्यात गोड नासपती डुकराच्याच तोंडी पडते म्हणतात ते खोटं नाही." पुढच्या वर्षी लग्नात सगळ्यात जास्त नाचली तीच.

क्लुत्सोहोर मोहल्ल्यात त्यांनी घर केलं. अंगणात स्तोइलने नासपतीचं झाड लावलं आणि जेवणाच्या टेबलाच्या वर, छताला तो बल्ब टांगला. रोजच्या वापराला कारखान्याचे होते; हा फक्त मोठ्या दिवसांना पेटायचा. मुलगा तिहोमिर झाला तेव्हा, नामदिवसाला, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या सणाला, आणि दरवर्षी पहिल्या नासपतीला.

या पहिल्या नासपतीची एक रीत पडली होती. आमच्याकडे हिवाळी नासपती झाडावर पिकत नाही. कडक असतानाच उतरवायची, माळ्यावर गवतात निजवायची, आणि अधूनमधून कुशीवर वळवत राहायचं. ते वळवणं स्तोइलचं. एके दिवशी गवतातून वास सुटायचा आणि तो पहिली पिकलेली घेऊन खाली यायचा. टेबलावरचा बल्ब लावायचा, नासपती बाहीला पुसायचा, देठाला धरून उजेडात उंच करायचा आणि विचारायचा, "खरं सांग दोब्रे. त्या दिवशी कुठली क्रुश्का हवी होती? ही ना? हो म्हण, आणि ही तुझी."

दोब्रिंका हाताची घडी घालायची. "नाही. ती वरची."

"मग ही माझी," म्हणून तो नासपतीचा भला मोठा लचका तोडायचा आणि रस मिशीवरून ओघळायचा.

बाकीच्या टोपलीभर नासपती ती वर्षभर खायची, मुरवायची, वाळवायची. पण ती पहिली तिला कधीच मिळाली नाही. सुरुवातीला त्याचा मान राहावा म्हणून ती खोटं बोलली. नंतर सवय झाली. आणि पुढे पुढे तिला कळलं, की खरं सांगितलं तर तो जिंकेल आणि मग दुसऱ्या वर्षी विचारायला काही उरणार नाही. म्हणून पन्नासएक शरद तिने तोंडाला पाणी सुटलेलं असताना वर बोट दाखवलं.

मधल्या काळात जे सगळ्यांचं झालं ते त्यांचंही झालं. विझलेल्या बल्बवर मोजा चढवून तिने अख्ख्या घराचे मोजे रफू केले; गोल, गुळगुळीत, सुई अडकत नाही, रफूसाठी मेलेल्या बल्बसारखी दुसरी वस्तू नाही. पत्र्याच्या टोपाच्या दिव्याखाली खोक्यात कोंबडीची पिल्लं वाढवली. ती उजेडासाठी नव्हे, उबेसाठी त्या दिव्याखाली दाटीवाटीने झोपायची. मग सरकार पडलं. सरकारी बागांच्या वाटण्या झाल्या, कारखान्यातली चाकं थांबली आणि तिला घरी पाठवलं. मग वरून हुकूम आला की हे बल्ब वीज फार खातात. दुकानांतून ते गेले आणि पांढरे दिवे आले. दोब्रिंकाने भांडण केलं नाही. वीज खातात हे खरंच होतं. फक्त ती म्हणायची, "या पांढऱ्या उजेडात ताटातला पावसुद्धा उपाशी दिसतो."

यंदा सप्टेंबरात स्तोइल अंगणात शिडी लावत होता आणि शिडीसकट खाली बसला. मेंदूत रक्ताची गुठळी. इस्पितळात जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि शब्द गेले. सगळे गेले, एक सोडून.

"क्रुश्का," तो म्हणायचा.

तिहोमिर आणि त्याची बायको एलित्सा यांनी दोघांना गावाबाहेरच्या आपल्या नव्या फ्लॅटमध्ये आणलं. जुन्या घरात जिना, थंडी, वारा. एलित्साचं म्हणणं बरोबर होतं. पोरगी मनाची चांगली. सासऱ्याला तिने खिडकीजवळची खोली दिली, गादी नवी घेतली. छतात बसवलेले सपाट पांढरे दिवे होते, एक बटण दाबलं की खोलीत कुठेच सावली राहायची नाही. त्या उजेडात स्तोइल अजून इस्पितळातच असल्यासारखा दिसायचा.

आणि तो खाईना. बघायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी गळा तपासला, घोट घोट पाणी पाजून पाहिलं. "गिळता येतंय त्यांना," त्या दोब्रिंकाचा हात धरून म्हणाल्या. "मऊ काहीही चालेल. पण मन घेत नाही. मी सोमवारी येते. तोपर्यंत काही पोटात गेलं नाही, तर पुन्हा भरती करावं लागेल आणि नाकातून नळी. या वयात एकदा नळी लागली की..."

"क्रुश्का," स्तोइल म्हणाला.

"नासपती मागतायत ना!" एलित्साने बाजारातून नासपती आणल्या. किसून वाटीत दिल्या. त्याने ओठ घट्ट मिटले आणि डाव्या हाताने चमचा समोरच्याकडे ढकलला. तिने भाजून दिल्या. तेच. दोब्रिंकाने सुक्या नासपतींचं गोड पाणी केलं, जे तो नाताळात भांडंभर प्यायचा. वाटी पुन्हा तिच्याकडेच सरकली.

"बाबा, मग दिवा हवाय का?" तिहोमिरने विचारलं आणि संध्याकाळी दुकानातून एक बल्ब घेऊन आला. जुन्या घाटाचा, काच पिवळसर, आत वरखाली गेलेल्या तारा. हल्ली खानावळींत टांगतात तसा. एलित्साच्या टेबलावरच्या दिव्यात तो बसवला. दिसायला छान होता. दोब्रिंकाने सवयीने काचेवर तळवा ठेवला, आणि काच गार.

"हा पेटलाय का?"

"पेटलाय की. दिसत नाही का आई?"

"दिसतंय. पण हा नाटक करतोय," ती म्हणाली.

स्तोइलने त्या बल्बकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

शनिवारी झिव्का भेटायला आली. आता काठी टेकत, पण जीभ तशीच. स्तोइलजवळ बसून म्हणाली, "काय रे, उचलून आणलेला बल्ब कुठंय तुझा?" त्याने तिच्याकडे पाहिलं आणि जोर लावून म्हणाला, "क्रुश्का!"

बाहेर येऊन झिव्का स्वयंपाकघरात बसली. दोब्रिंका तिच्यासमोर त्याचा मोजा रफू करत होती. कामावरून आणलेला तोच मेलेला बल्ब, इतक्या वर्षांत सुयांनी ओरखडलेला.

"तो उगीच बोलत नाहीये," झिव्का म्हणाली. "प्रत्येक क्रुश्केला शेपूट असतंच." ही आमची जुनी म्हण, देठाशिवाय नासपती नाही आणि कारणाशिवाय बोलणं नाही.

"माहितीये गं. पण शेपूट सापडत नाही. फळ दिलं तर ढकलतो, दिवा दिला तर पाठ फिरवतो."

"कुठला दिवा दिलास?"

दोब्रिंकाची सुई थांबली.

रविवारी दुपारी तिने तिहोमिरला गाडी काढायला लावली. घर बंद होतं तेवढ्या दिवसांत डोंगरावरून उतरणाऱ्या आमच्या वाऱ्याने अंगण पानांनी भरून टाकलं होतं. टेबलावर चढायला निघालेल्या आईला तिहोमिरने खाली बसवलं आणि स्वतः खुर्चीवर उभा राहिला.

"हळू," ती खालून म्हणाली. "काच धरू नकोस. पितळ धर. डावीकडे फिरव. अरे हळू, तुझ्यापेक्षा थोरला आहे तो!"

आटे कुरकुरले आणि बल्ब हातात आला. नव्या फ्लॅटमधल्या एकाही दिव्यात तो बसणार नव्हता, सगळ्यांची तोंडं अरुंद. म्हणून तिने खोपटातून पिल्लांचा पत्र्याचा दिवा घेतला. मग पाय आपोआप माळ्याकडे वळले. पडण्याआधी स्तोइलने पहिल्या तोड्याच्या नासपती गवतात निजवून ठेवल्या होत्या, आणि तो नसताना कुणी त्यांना वळवलं नव्हतं. एका कुशीवर पडून पडून बऱ्याच नासून गेल्या होत्या. तिने एकेक हाताने चाचपली. एक सापडली, देठाशी दाबली तर लोण्यासारखी. का कुणास ठाऊक, तिने ती कोटाच्या खिशात टाकली.

संध्याकाळी पत्र्याचा दिवा स्तोइलच्या पलंगाशेजारी कपाटाच्या मुठीला टांगला. दोब्रिंकाने स्वतः बल्ब फिरवून बसवला. आणि मग बटणावर बोट ठेवून ती थांबली.

तिला जे माहीत होतं ते खोलीत कुणाला माहीत नव्हतं. असे म्हातारे दिवे जळता जळता क्वचितच मरतात. मरतात ते पेटताना. थंड तारेत एकदम वीज शिरते, एक निळसर झटका, आणि संपलं. कारखान्यातल्या टेबलावर तिने असे किती मरताना पाहिले होते. घरी तो कधीमधीच पेटायचा म्हणून टिकला होता, आणि आज गाडीतून हादरे खात आला होता. तो गेला तर दुसरा नाही.

"आई, राहू दे ना," तिहोमिर हळूच म्हणाला. त्याला कारण कळलं नव्हतं, पण तिचा चेहरा दिसत होता.

"पांढरे घालव," ती एलित्साला म्हणाली. खोलीत अंधार झाला. दोब्रिंकाने बटण दाबलं.

तार आधी लाल झाली, निखाऱ्यासारखी, जणू उठावं की नाही याचा विचार करतेय. मग केशरी झाली आणि मग तिने तो सगळा जुना मधाळ उजेड खोलीत सोडला. कपाटाला सावली आली. पांघरुणाला सुरकुत्या आल्या. एलित्साने "अय्या" केलं आणि तोंडावर हात ठेवला. आणि उशीवर स्तोइल होता. इस्पितळातून आणल्यापासून जो पांढरा म्हातारा तिथे पडून होता तो नव्हे, तिचा स्तोइल, गालांना रंग असलेला. दोब्रिंकाला रडू फुटलं. इतके दिवस तिने नवऱ्याला पाहिलंच नव्हतं असं तिला वाटलं.

त्याने मान वळवून बल्ब पाहिला. मिशीचं एक टोक वर गेलं. घशातून आवाज आला, वाकडा, पण हसण्याचाच.

"क्रुश्का," तो म्हणाला.

"हीच हवी होती!" तिहोमिर ओरडला. एलित्सा धावत जाऊन किसलेल्या नासपतीची वाटी घेऊन आली. "आता खा हं बाबा, एक चमचा." स्तोइलने ओठ मिटले आणि चमचा दोब्रिंकाकडे ढकलला.

एलित्सा चमचा घेऊन तशीच उभी राहिली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिहोमिर खिडकीकडे गेला. उद्या सोमवार होता. दोब्रिंका पलंगाच्या कडेवर बसली. दिवाही झाला, फळही झालं, तिने हात टेकले. नाक पुसायला तिने कोटाच्या खिशात रुमालासाठी हात घातला, तर रुमालाबरोबर नासपती बाहेर आली. तिने ती पांघरुणावर ठेवून दिली.

डावा हात हलला. सावकाश, चाचपडत तो नासपतीपर्यंत गेला. दोन बोटांनी त्याने तिचा देठ पकडला. पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा धरली. मग ती उजव्या, निर्जीव बाहीवर ओढली, एकदा, पुन्हा एकदा, पुसल्यासारखी. आणि थरथरत उजेडात उंच केली.

"क्रुश्का?" तो म्हणाला.

इतक्या दिवसांत त्याच्या त्या एका शब्दाला पहिल्यांदाच प्रश्न लागला होता. की आधीही लागलेला होता, आणि कुणाला ऐकू आला नव्हता?

दोब्रिंकाला सगळं एकदम कळलं. तो मागत नव्हता. तो विचारत होता. इस्पितळातून आल्यापासून रोज, प्रत्येक चमच्याला, प्रत्येक वाटीला, तो तिचा डाव तिच्याकडे सरकवत होता आणि ती खेळतच नव्हती. आणि तिचं उत्तर आल्याशिवाय त्याने तोंड कसं उघडावं? रीत म्हणजे रीत.

नासपतीचा वास दोब्रिंकापर्यंत आला, त्या पहिल्या उन्हाळ्यापासून तिने ज्याची वाट पाहिली तो वास. तिच्या ओठांवर खरं आलं. हो रे. हीच हवी होती. तेव्हाही हीच, दरवर्षी हीच. एवढं म्हटलं असतं तर हा माणूस जिंकला असता. आता नाही तर कधी जिंकणार? सांगून टाकावं, असं तिला फार फार वाटलं.

पण 'ही' म्हटलं की नासपती तिची. मग तो काय खाणार?

तिने डोळे पुसले. पाठ ताठ केली. हाताची घडी घातली.

"नाही," ती म्हणाली. "ती वरची."

स्तोइलने तिच्याकडे पाहिलं, मग पत्र्याखालच्या त्या बल्बकडे पाहिलं आणि त्याचे डोळे बारीक झाले. वाटलंच होतं, असा भाव. मग त्याने हात वळवला, नासपती तोंडाशी नेली आणि चावली. रस हनुवटीवरून पांघरुणावर सांडला. त्याने गिळलं. पुन्हा चावली.

"आई," एलित्साने दबक्या आवाजात विचारलं, "कुठली वरची? काय झालं?"

"काही नाही गं. एक फडकं आण, मिशी पुसायला लागेल."

खरं काय ते पुढच्या शरदात सांगू, दोब्रिंकाने ठरवलं. ते विचारायला त्याला तोपर्यंत जगायलाच हवं.